वहिनींची पट्टी

"भाऊजी, ही पट्टी जरा बघता का? मला काही ताळमेळ लागेना."

गेल्या दिवाळीनंतर वहिनींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. खणाची तोरणं, बटवे आणि पिशव्या त्या ज्या संकेतस्थळावर विकतात, त्याने पाठवलेला हिशेब पडद्यावर होता. कंपनीच्या भाषेत त्याला सेटलमेंट रिपोर्ट म्हणतात. वहिनी त्याला पट्टी म्हणाल्या, कारण बाजारातून येणाऱ्या हिशेबाच्या कागदाला आमच्या घरात दुसरा शब्दच नाही. वडील लासलगावला कांदा घेऊन जात आणि संध्याकाळी त्यांच्या खिशातून घडी घातलेली पट्टी निघे. वर वजन आणि भाव, मधे हमाली, तोलाई, वाराई, पूर्वीच्या काळी अडतही, आणि तळाला हातात आलेली रक्कम. आई तळचा आकडा आधी वाचायची आणि मग वर जायची.

वहिनींची पट्टी वाचायला मला दोन तास लागले. ४९९ रुपयांचं तोरण. त्यातून कमिशन, दर ऑर्डरमागचं ठरावीक शुल्क, पाठवणीचं भाडं, या सगळ्या शुल्कांवर १८ टक्के जीएसटी, मग जाहिरातीचे पैसे, मग परत आलेल्या मालाचं परतीचं भाडं. काही ओळींना नावं होती, काहींना नुसते संकेतांक. आठ तोरणांपुढे 'वजनातील फरक' असं लिहून रक्कम कापली होती. वहिनींनी तोरण स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून दाखवलं: १८० ग्रॅम. पण ते चुरगळू नये म्हणून ज्या खोक्यात जातं, ते ४० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि १० उंच. कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची यांच्या गुणाकाराला ५००० ने भागतात आणि येईल ते वजन खऱ्या वजनाहून जास्त असेल तर तेच धरतात. म्हणजे २ किलो. खोकं किती वजनाचं धरलं जाणार, हे माल नोंदवताना वहिनींना कुणी सांगितलं नव्हतं. कळलं ते पैसे कापल्यावर.

ज्या बाजारात काटा, दलाली, गाळा आणि निवाडा हे सगळं एकाच मालकाच्या हातात असतं, त्या बाजारात लहान विक्रेत्याचं काय होतं, हे मी तेव्हापासून शोधतो आहे.

सुरुवात अशी नव्हती. वहिनी सांगतात की २०१९ मध्ये त्यांना त्याच कंपनीतून फोन यायचे. बोलणारी मुलगी मराठीत बोलायची, फोटो कसे काढायचे ते समजावायची, पहिल्या काही ऑर्डरींचं कमिशन माफ होतं. "माहेरची माणसं विचारतात तसं विचारायचे हो," वहिनी म्हणतात. पहिलं तोरण बेंगळुरूला गेलं, दुसरं इंदूरला. गुळेदगुड्डहून खणाचे तागे मागवायचे, दुपारी दोन शेजारणींना घेऊन शिवायला बसायचं आणि संध्याकाळी कुरियरचा मुलगा दारातून माल न्यायचा. नाशिकच्या एका गल्लीतून सगळ्या देशात माल जातो, ही गोष्ट खरोखर नवी होती आणि खरोखर मोठी होती. आज तक्रारी मांडताना ती विसरली जाऊ नये. दुकानाची पागडी न देता, कुणा व्यापाऱ्याच्या पाया न पडता बायकांना आपल्या मालाचं गिऱ्हाईक मिळालं ते या बाजारांमुळेच.

पुढे फोन थांबले. मुलीच्या जागी तिकीट क्रमांक आला. दर पत्रकाने नव्हे, ईमेलने बदलू लागले. मग शोधात तोरण दिसेनासं झालं. 'खण तोरण' असं टाकलं की वरच्या ओळीत जाहिरातीचे माल येत आणि वहिनींचं तोरण तिसऱ्या पानावर. पुन्हा वर यायचं तर दर क्लिकमागे पैसे.

हे एकट्या वहिनींच्याच नशिबी आलेलं नाही. असे बाजार जन्मल्यापासून याच क्रमाने वाढत आले आहेत.

१९९५ च्या सप्टेंबरमध्ये पियर ओमिद्यार याने कॅलिफोर्नियात ऑक्शनवेब नावाचं लिलावाचं पान सुरू केलं. पुढे तेच ईबे झालं. अनोळखी माणसावर भरवसा कसा ठेवायचा, हा पहिला प्रश्न त्याने परस्पर अभिप्रायाने सोडवला. गिऱ्हाईक विक्रेत्याबद्दल लिहील, विक्रेता गिऱ्हाइकाबद्दल. २००८ मध्ये कंपनीने नियम बदलला आणि विक्रेत्याला गिऱ्हाइकाबद्दल वाईट अभिप्राय लिहिता येईनासा झाला. शुल्कंही त्याच सुमारास बदलली. त्या फेब्रुवारीत विक्रेत्यांनी आठवडाभर माल न मांडण्याचं आंदोलन केलं. नियम मात्र बदलला तो बदललाच.

ईबेचा आपल्या मातीशी थेट संबंध आहे. २००० साली मुंबईत बाझी डॉट कॉम सुरू झालं आणि २००४ मध्ये ईबेने ते विकत घेतलं. जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, घड्याळं, हातमागाचे कपडे विकणाऱ्या कितीतरी मराठी माणसांनी ऑनलाइन विक्रीचे पहिले धडे तिथे गिरवले. २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेलं आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते संकेतस्थळ बंद झालं. विक्रेत्यांनी वर्षानुवर्षं जमवलेले चांगले अभिप्राय, नावापुढचे तारे, नेहमीची गिऱ्हाइकं, सगळं पडद्याबरोबर मिटलं. गावातला दुकानदार जागा बदलतो तेव्हा त्याचं नाव त्याच्यासोबत जातं. इथे नाव दुकानाच्या भिंतीवर कोरलेलं होतं आणि भिंत दुसऱ्याची होती.

या सगळ्या इतिहासात सर्वांत बारकाईने पाहण्यासारखी कहाणी एट्सीची आहे. हा बाजार हातांनी वस्तू करणाऱ्यांसाठीच जन्मला होता, त्यामुळे तो बदलला तेव्हा काय गेलं ते स्वच्छ दिसतं.

२००५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रॉब केलिन आणि त्याच्या मित्रांनी एट्सी सुरू केली. नियम सोपा होता: स्वतः केलेली वस्तू, वीस वर्षांहून जुनी वस्तू किंवा हस्तकलेचं साहित्य, एवढंच विकायचं. वस्तू मांडायला काही सेंट आणि विकली गेली तर साडेतीन टक्के. विणणाऱ्या, शिवणाऱ्या, चांदी घडवणाऱ्या बायकांनी हा बाजार उभा केला. त्यांनी आपापल्या गावांत गट केले, एकमेकींना फोटो काढायला शिकवलं, एकमेकींचा माल घेतला. कंपनीही तेव्हा त्यांच्याच भाषेत बोलत होती. २०१२ मध्ये तिने समाजहित जपणाऱ्या कंपन्यांना मिळणारं बी कॉर्प हे प्रमाणपत्र मिळवलं.

पहिला बदल २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये झाला. विक्रेत्याला मदतनीस ठेवायला आणि परवानगी घेऊन कारखान्याकडून वस्तू करून घ्यायला मुभा मिळाली. कारण खोटं नव्हतं. जिची मागणी दोन हातांना पेलत नाही, तिने काय करायचं? पण दार एकदा किलकिलं झालं की कोण किती आत आलं, हे मोजणं अवघड असतं. हातांनी घडवलेल्या अंगठीशेजारी साच्यातून निघालेली अंगठी त्याच नावाने बसू लागली आणि ती स्वस्त होती.

१६ एप्रिल २०१५ रोजी एट्सीचे शेअर नॅस्डॅकवर आले. तोवर कंपनीला विक्रेते सांभाळायचे होते. तिथून पुढे तिला दर तीन महिन्यांनी भागधारकांना वाढ दाखवायची होती. २०१७ च्या मे महिन्यात भागधारकांच्या दबावाखाली मुख्याधिकारी चॅड डिकरसन गेले आणि जॉश सिल्वरमन आले. दोन फेऱ्यांत कर्मचारीकपात झाली आणि बी कॉर्पचं प्रमाणपत्रही सोडून दिलं गेलं. २०१८ च्या जुलैत साडेतीन टक्क्यांचे पाच टक्के झाले आणि ते पाठवणीच्या भाड्यावरही लागू झाले. म्हणजे टपालखात्याला द्यायच्या पैशांतूनही कंपनीचा वाटा निघू लागला.

२०१९ चा बदल दराचा नव्हता, जागेचा होता. ३५ डॉलरवरच्या खरेदीला जो विक्रेता अमेरिकेत फुकट पाठवणी देईल, त्याचा माल शोधात वर दिसेल असं ठरलं. सक्ती नव्हती. फक्त न देणारा खाली जाणार होता. मोठ्या कंपनीचं गोदाम शहराशहरांत असतं, तिला ही पाठवणी परवडते. मातीचं जड भांडं घडवून देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवणाऱ्या कुंभाराला ती परवडत नाही. त्याने एक तर किंमत वाढवायची, नाहीतर दिसेनासं व्हायचं.

२०२० मध्ये बाहेरच्या जाहिरातींची योजना आली. कंपनी गुगल, फेसबुकवर वस्तूंची जाहिरात करणार आणि त्या जाहिरातीतून विक्री झाली तर विक्रेत्याकडून १५ टक्के घेणार. लहान विक्रेत्याला नको म्हणायची सोय होती. पण ज्याची विक्री एका वर्षात १०,००० डॉलरच्या वर गेली, त्याला १२ टक्के दर लागू आणि नको म्हणायचा हक्क बंद. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटते. आठवडी बाजारात ज्याची पाटी लवकर रिकामी होते, तो पुढच्या खेपेला जागा निवडून बसतो. इथे धंदा वाढला की निवड कमी होते.

मग महामारी आली. २०२० च्या एप्रिलमध्ये मास्क मिळेनासे झाले, तेव्हा त्या एकाच महिन्यात एट्सीवर सव्वा कोटीच्या आसपास मास्क विकले गेले. घरोघरी शिवणयंत्रं फिरत होती. त्या वर्षी कंपनीच्या बाजारातली एकूण विक्री दुपटीने वाढून १० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. बाजार ज्यांनी अडचणीच्या दिवसांत उचलून धरला, त्यांना २०२२ च्या फेब्रुवारीत कळवण्यात आलं की ११ एप्रिलपासून पाच टक्क्यांचे साडेसहा होतील. म्हणून त्याच ११ एप्रिलला विक्रेत्यांनी आठवडाभराचा संप पुकारला. हजारोंनी आपली दुकानं सुटीवर ठेवली आणि मागण्यांच्या पत्रकावर सह्या केल्या. मागण्यांत दरवाढ मागे घेणं तर होतंच. पण कारखान्याचा माल हटवा, बाहेरच्या जाहिरातींतून बाहेर पडू द्या, विक्रेत्यांची गाऱ्हाणी ऐकायला माणसं ठेवा, हेही होतं. दर साडेसहाच राहिला. संपातून विक्रेत्यांची इंडी सेलर्स गिल्ड ही संघटना उभी राहिली, ती त्या आठवड्याची कमाई.

पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक घाव बसला. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अनेक विक्रेत्यांच्या विक्रीची ७५ टक्के रक्कम ४५ दिवस रोखून धरली जाऊ लागली. माल आपल्या खर्चाने पाठवायचा आणि पैसे दीड महिन्याने बघायचे. ब्रिटनमध्ये त्यावर आरडाओरडा झाला, सरकारी अधिकारी बोलले, तेव्हा कंपनीने हात थोडा सैल केला.

ही सगळी हकिकत मी वहिनींना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिथल्या बायकांनी संप तरी केला. मला तर माझ्याशेजारच्या गाळ्यात कोण बसलंय, हेच माहीत नाही."

हे अगदी खरं आहे. लासलगावात लिलाव बंद पाडायचा तर शेतकरी आवारातच असतात, ट्रॅक्टर आडवा लावता येतो. ऑनलाइन बाजारात विक्रेते एकमेकांना दिसत नाहीत. गिऱ्हाईकही त्यांचं नसतं. वहिनींच्या पाकिटात त्यांनी आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घातली होती, 'पुढच्या वेळी थेट कळवा' म्हणून. तसं करणं नियमात बसत नाही, अशी ताकीद आली. इतक्या वर्षांत त्यांची तोरणं किती दारांवर लागली, हे त्या सांगू शकतात. कुणाच्या दारांवर लागली, ते त्यांना कळणारच नाही.

भारतातल्या बाजाराला आणखी एक पीळ आहे. परकी भांडवल घेतलेल्या कंपनीने इथे स्वतःचा माल ऑनलाइन किरकोळीने विकायचा नाही, फक्त बाजार चालवायचा, हा नियम २०१६ मध्ये स्पष्ट झाला. हेतू लहान दुकानदार राखण्याचा होता. पण बाजारचालकाची भागीदारी असलेली विक्रेता कंपनी त्याच बाजारात बसू शकत होती. अ‍ॅमेझॉन आणि कॅटमरान यांची क्लाउडटेल हे त्याचं ठळक उदाहरण. २०१८ च्या डिसेंबरमध्ये सरकारने हे दार अरुंद केलं आणि २०२२ च्या मे महिन्यात क्लाउडटेल बंद झाली. रॉयटर्सने २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या अंतर्गत कागदपत्रांवरून एक बातमी दिली होती: २०१९ च्या सुरुवातीला भारतातल्या ४ लाखांहून अधिक विक्रेत्यांपैकी जेमतेम ३५ विक्रेत्यांकडे ऑनलाइन विक्रीचा दोन तृतीयांश वाटा होता. उरलेल्या लाखांच्या गर्दीत वहिनी आहेत. दिल्लीच्या व्यापारी संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने २०२० च्या जानेवारीत अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी लावली. २०२४ मध्ये तपास विभागाने ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप दिल्याचा निष्कर्ष काढला. कंपन्यांना तो मान्य नाही.

मीशोची गोष्ट वेगळी आणि आपल्या बायकांना जवळची. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने गृहिणींना व्हॉट्सअ‍ॅपवरून साड्या-ड्रेस विकणाऱ्या केलं. मधली बाई आपला नफा ठेवून माल पुढे देई. माझ्या ओळखीतल्या दोघींनी त्यातून मुलांची फी भरली आहे. पुढे गिऱ्हाईक थेट अ‍ॅपवर येऊ लागलं आणि मधल्या बाईचं महत्त्व ओसरत गेलं. २०२१ मध्ये मीशोने विक्रेत्यांचं कमिशन शून्य केलं. त्या स्पर्धेने इतरांनाही हलवलं. २०२५ च्या एप्रिलपासून अ‍ॅमेझॉनने ३०० रुपयांखालच्या कितीतरी वस्तूंवरचं कमिशन काढलं आणि नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्टने १००० रुपयांखालच्या वस्तूंचं. या बातम्या चांगल्या आहेत. पण कमिशन ही पट्टीतली एक ओळ आहे. कमिशन शून्य झालं तरी पाठवणीचं भाडं, जाहिरात आणि परतीचा खर्च कुठे जात नाही, आणि विक्रेत्याचा खरा कस तिथेच लागतो. वहिनींना विचारलं तर त्या सांगतात, "कमिशनचं काही नाही हो भाऊजी. आरटीओने जीव जातो." घरपोच पैसे देण्याची ऑर्डर दारातून नाकारली गेली की पाकीट परत येतं, त्याला हे लोक आरटीओ म्हणतात. खण चुरगळलेला, खोकं दबलेलं, आणि भाड्याचा भुर्दंड.

सरकारनेही लहान विक्रेत्याला बरीच वर्षं उंबरठ्याबाहेर ठेवलं. रस्त्यावरच्या दुकानाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. ऑनलाइन बाजारात मात्र पहिलं तोरण विकायलाही ती लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला ही सूट मिळाली. वहिनींचा माल बेंगळुरूला जातो, म्हणून त्यांना दर महिन्याला सीएची पायरी चढावी लागते. विक्रीवर बाजारचालकाने कापायचा १ टक्का कर २०२४ च्या जुलैत अर्धा झाला. एवढ्या एका बदलाने वहिनींच्या हातात खेळता पैसा थोडा वाढला, हे त्यांनी आवर्जून सांगितलं.

प्रश्न फक्त पैशांचा नाही, नावाचाही आहे. येवल्यातल्या एका पैठणी विणकरांकडे मी गेलो होतो. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांनी मोबाइलवर 'पैठणी' शोधून दाखवलं. यंत्रमागाच्या, छापील मोरांच्या, हजार-बाराशेच्या साड्यांची रांग लागली. त्यांच्या मागावरच्या साडीला महिना लागला होता. "त्या साड्या वाईट आहेत असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले, "कुणाला तेवढंच परवडतं. पण त्यांना पैठणी का म्हणता? दुसरं नाव द्या ना." मानांकनाचा कायदा आहे, पण शोधाच्या खिडकीत तो चालत नाही. एट्सीवर 'हातांनी केलेलं' या शब्दाचं जे झालं, ते इथे 'पैठणी' या शब्दाचं होतं आहे. कोल्हापुरी चपलेलाही २०१९ पासून मानांकन आहे आणि रेक्झिनच्या चपला त्याच नावाने विकल्या जात आहेत. कारागिराचं नुकसान फक्त एका विक्रीचं नसतं. त्या नावाचा भावच उतरतो आणि पुढच्या पिढीचा मुलगा मागावर बसत नाही.

परदेशी विकणाऱ्यांवर तर दूरच्या निर्णयांचा वार होतो. ८०० डॉलरपर्यंतच्या पाकिटांना अमेरिकेत मिळणारी जकातीची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, भारतीय टपालखात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं आणि ती सेवा ऑक्टोबरच्या मध्याला पूर्ववत झाली. गणपती, नवरात्र, दिवाळीच्या ऐन तोंडावर न्यू जर्सीची मराठी घरं वाट बघत राहिली आणि इथे शिवलेला माल कपाटात.

उपाय काय, असं विचारलं की लोक म्हणतात, स्वतःचं संकेतस्थळ काढा, व्हॉट्सअ‍ॅपवर विका. वहिनींनी तेही केलं आहे. आज त्यांची निम्मी विक्री तिथून होते. सरकारच्या पुढाकाराने २०२१ च्या अखेरीस स्थापन झालेलं ओएनडीसी हे खुलं जाळंही मला मनापासून योग्य दिशेचं वाटतं, कारण त्यात विक्रेता एका अ‍ॅपचं कूळ होत नाही. एका ठिकाणी नोंदला, तर दुसऱ्या ठिकाणच्या गिऱ्हाइकाला दिसतो. पण जोवर गिऱ्हाईक मोठ्या बाजारात जातं, तोवर लहान विक्रेत्याला तिथे बसावंच लागेल. म्हणून त्या बाजाराचे नियम हा सार्वजनिक प्रश्न आहे. तो कंपनीच्या ईमेलवर सोडता येणार नाही.

आपल्याकडे याला पूर्वपरंपरा आहे. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ मध्येच सरकारी नियमांखाली आला आणि वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांसाठी १८९७ मध्ये कायदा झाला. त्याआधी आणि नंतरही कितीतरी ठिकाणी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. ज्याचा माल, त्याला बोली कळायची नाही. महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समिती कायदा आला. उघडा लिलाव, तपासलेला काटा, छापील पट्टी, शेतकऱ्यांतून निवडलेले संचालक, हे त्यातून आलं. बाजार समित्यांत पुढे काय काय शिरलं, ते मी कांद्याच्या घरात वाढलो असल्याने जवळून पाहिलं आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याची पट्टी निघाली, तेव्हा सगळी कपात जाऊन त्याला २ रुपयांचा चेक मिळाला. पण ती पट्टी छापलेली होती म्हणूनच ती महाराष्ट्राने वाचली. २०१६ मध्ये अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असा निर्णय झाला, तोही पट्टीतली ती ओळ वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर होती म्हणून.

युरोपीय संघाने ऑनलाइन बाजारासाठी असाच कायदा केला आहे. जुलै २०२० पासून तो लागू आहे. अटी बदलायच्या तर विक्रेत्याला किमान १५ दिवस आधी कळवायचं. खातं थांबवायचं तर कारण लेखी द्यायचं. कायमचं बंद करायचं तर ३० दिवस आधी सांगायचं. शोधात कोण वर आणि का, याचे मुख्य निकष उघड करायचे. आपल्याकडे त्याच महिन्यात ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम आले आणि शोधातल्या क्रमाचे निकष सांगण्याचं बंधन त्यांतही आहे. पण ते नियम ग्राहकासाठी केलेले आहेत. विक्रेत्याला तिथे पाय ठेवायला जागा नाही. वहिनींचं खातं उद्या सकाळी बंद झालं, तर त्यांनी कोणत्या दारात जायचं, याचं उत्तर त्या नियमांत सापडत नाही.

युरोपातल्यासारखा, विक्रेत्यासाठीचा कायदा आपल्याकडे व्हायला हवा, आणि तो व्हावा म्हणून विणकर, चपला करणारे, फराळ आणि उटणं विकणाऱ्या बचत गटांच्या बायका यांची बाजू आपल्या आमदार-खासदारांनी मांडायला हवी. कांद्याच्या भावावर सभागृह तहकूब होतं. घरातून विकणाऱ्या बाईच्या पट्टीवर तिथे निदान प्रश्न तरी विचारला जावा.

त्या रात्री वहिनी आणि मी आठ तोरणांच्या वजनाची तक्रार नोंदवली. काट्यावरचा फोटो जोडला, खोक्याची मापं जोडली. अठरा दिवसांनी तीन तोरणांचे पैसे परत आले. पाचांबद्दल काही उत्तर नाही. यंदा वहिनींनी खोकं बदललं आहे. तोरण आता गुंडाळी करून अरुंद नळीत जातं, कडेचे गोंडे थोडे दबतात. त्यांना ते आवडलेलं नाही.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा घरात कुठलं तरी पाकीट आलेलं असेल. आतल्या बिलावर विक्रेता म्हणून एक नाव आणि गाव असतं, ते वाचा. वस्तू आवडली तर दोन ओळी लिहा, शोधात वर यायला त्यांचा उपयोग होतो. आणि रंग जरासा वेगळा वाटला म्हणून परत पाठवण्याचं बटण दाबणार असाल, तर त्याआधी एवढं लक्षात असू द्या की त्या परतीचं भाडं बहुतेक वेळा त्या नावाच्या माणसाच्या पट्टीत लागतं.